मास्तरांनी न दिलेला ठिपका

डोळे मिटता मिटता वत्सला उमाप हिशेब मांडते आहे, की ही तळटीप अडवून तिला नेमकं काय मिळणार आहे.

रविवारची दुपार आहे, नगरचा एप्रिल. पंखा गरम हवाच इकडून तिकडे करतोय. जेवणाच्या टेबलावर स्तोत्रांच्या नव्या भाषांतराचा शेवटचा छापील मसुदा पसरलाय, आणि त्यावर डावा हात आडवा टाकून वत्सलाने हातावर गाल टेकलाय. जमेची बाजू भक्कम आहे. लेकीच्या, शलाकाच्या, थडग्यावरचा दगड आहे तसा राहील. नवऱ्याला, मधुकररावांना, काही सांगावं लागणार नाही. आणि तिला हिब्रू शिकवणाऱ्या हायम मास्तरांकडून काही राहून गेलं, हे स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागणार नाही. खर्चाच्या बाजूला फक्त एक ओळ, पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, निम्मे लोक जिच्याकडे बघतही नाहीत. इतक्या थोडक्यात इतकं सुटत असेल तर शहाणं माणूस तेच करील, आणि वत्सला एकसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका, म्हणजे शहाणपणाचा तिला सरावच.

ओळ अशी आहे: आपल्या जिवलगाला तो नीज देतो. बावीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांची शलाका मेंदूज्वराने गेली, तेव्हा हीच ओळ दगडावर कोरली. आता भाषांतर समितीचं म्हणणं असं, की मूळ हिब्रूत ही ओळ दुसऱ्या तऱ्हेनेही वाचता येते, तेव्हा खाली लिहावं: ‘किंवा, जिवलगाला तो निजेत असताना देतो, मुळातला अर्थ निश्चित नाही.’ समितीत थेट हिब्रू वाचणारी वत्सला एकटीच. बाकीचे इंग्रजीतून डोकावतात. म्हणून अध्यक्ष रेव्हरंड सोनकांबळे म्हणाले, “उमापबाई, तुम्ही म्हणाल ते शेवटचं. रविवारी पाचला फोन करतो. सोमवारी पानं छापायला जातील.”

“माझ्या मास्तरांनी तिथे ठिपका दिलेला नाही,” वत्सला म्हणाली होती. रेव्हरंडांना ते कळलं नाही. त्यांना कळावं अशी तिची इच्छाही नव्हती.

पंख्याचा आवाज लांब जातो. टेबलाच्या पलीकडची खुर्ची सरकते.

“मटणाचा वास येतोय,” हायम मास्तर म्हणतात. “रविवार दिसतो.”

ते नेहमीसारखेच बसलेत, एक पाय दुसऱ्या पायाखाली घेऊन, काळ्या टोपीखालून कान बाहेर. हायम कोर्लेकर, पुण्याच्या रास्ता पेठेतले, पोस्टातून निवृत्त झालेले, मूळचे रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांचे पुतणे केव्हाच इस्राएलला लोद गावी गेले. ते तिथे दिवसभर हिब्रू बोलत आणि काकांना पत्रं मराठीत लिहीत. काका इथे दिवसभर मराठी बोलत आणि संध्याकाळी हिब्रू वाचत. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून दर मंगळवारी शाळा सुटल्यावर येणारी, तेव्हा पुण्यात नोकरीला असलेली नगरची एक ख्रिस्ती मास्तरीण त्यांनी आनंदाने चालवून घेतली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली आहेत. वत्सलाला हे माहीत आहे. पण घरी आलेल्या माणसाला ते कसं म्हणायचं?

“चहा टाकते,” ती म्हणते, आणि तिच्या हातात भांडं असतंच. “बिनदुधाचा. मटणावर तुमच्यात दूध चालत नाही.”

“मी मटण खाल्लं कुठे?”

“तसं म्हणून तुम्ही मागे दूध घेतलंत, आणि दोन मंगळवार स्वतःवर रागावून होतात.”

“खरंय.” मास्तर विचार करतात. “मेल्यावर दुधाचा चालतो का, ते अजून विचारलं नाही कुणाला. बिनदुधाचाच द्या.”

ती कप ठेवते. टेबल मघापेक्षा लांब झालंय. पलीकडच्या टोकाला रास्ता पेठेतली खिडकी आहे, खिडकीत तुळशीबागेतून आणलेला पितळी दिवा, आणि खाली रस्त्यावर बोहरी भंगारवाला ओरडतोय. वत्सला मागे वळून बघते, तर नगरचा ओटा आहे. पुढे बघते, तर पुणं. तिला याचं काही वाटत नाही. कपाला कान कुठल्या बाजूला आहे एवढंच ती बघते आणि तो मास्तरांकडे फिरवते.

“वाचा,” मास्तर म्हणतात.

ती वाचते. उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून. मास्तर डोळे मिटून ऐकतात. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागतात.

“हसू नका.”

“नाही हो. मला तुमचं पहिलं वर्ष आठवलं.”

त्या पहिल्या वर्षाची गंमत अशी. मास्तरांची एक पद्धत होती. शब्दाचा अर्थ स्वतःला पक्का ठाऊक नसला, की त्या शब्दाखाली ते टोकदार पेन्सिलीने एक ठिपका द्यायचे. ठिपका म्हणजे ‘मला माहीत नाही.’ पण हिब्रूत अक्षराखालचा ठिपका म्हणजे ‘इ’चा उच्चार. वत्सलाला हे दुसरं पुस्तकात शिकायला मिळालं होतं, पहिलं कुणी सांगितलं नव्हतं. चार महिने ती मास्तरांचं प्रत्येक ‘माहीत नाही’ ‘इ’ लावून, मन लावून, मोठ्याने वाचत राहिली. मास्तरांना वाटलं, नगरकडे असाच उच्चार असेल.

“माझं सगळं अज्ञान तुम्ही ऱ्हस्व केलंत,” मास्तर म्हणतात.

“तुम्ही चार महिने गप्प बसलात.”

“म्हटलं, मिशनवाल्यांनी शिकवलं असेल. आपण कशाला बोला?”

मग दोघंही हसतात, आणि हसता हसता ते शाळेच्या वर्गात असतात. तिच्या जुन्या शाळेचा चौथीचा वर्ग. मास्तर बाकावर बसलेत, गुडघे वर आलेत, आणि वत्सला फळ्यापाशी आहे. फळ्यावर ती ओळ हिब्रूत लिहिलेली आहे, तिच्याच अक्षरात. बाकीचे बाक रिकामे. फक्त तिसऱ्या रांगेतल्या एका बाकावर पाण्याची बाटली आहे, झाकण नीट न लावलेली, आणि बाकावर थोडं पाणी सांडलंय. वत्सला तिकडे बघायचं टाळते.

“या ओळीवरून भांडण आहे,” ती सांगते. “सोनकांबळ्यांना तळटीप हवी आहे.”

“कोण हे सोनकांबळे? हिब्रू येतं?”

“इंग्रजी येतं.”

“मग त्यांना ही शंका आली, हे कौतुकाचं आहे.”

“मास्तर.”

“बोला.”

“शंका आहे का पण तिथे?”

मास्तर बाकावरून उठत नाहीत. तिथूनच बोटाने दाखवतात. “हा शब्द, शेना. झोप. त्याच्या आधी एक छोटं अक्षर असतं, तर ‘झोपेत’ झालं असतं. ते अक्षर नाही. म्हणून म्हणायचं, झोपच देतो. बरोबर?”

“बरोबर. हेच मी समितीत सांगितलं.”

“आता मला सांगा, डॉक्टर औषधाच्या बाटलीवर काय लिहून देतो? सकाळ संध्याकाळ एक एक चमचा. सकाळी, संध्याकाळी, असं लिहितो का?”

वत्सला खडू उचलते.

“नाही लिहीत. नुसतं सकाळ लिहितो, आणि आपण ‘सकाळी’ समजून मुलाला औषध पाजतो. कुणी म्हणत नाही, की ‘सकाळ’ला प्रत्यय नाही म्हणून पाजू नका. त्या भाषेतही असं चालतं. नुसतं ‘झोप’ लिहायचं, आणि ‘झोपेत’ समजायचं. चालतं, असंच आहे असं नाही. दोन्ही होतं.”

खडू तिच्या हातात ओला झालाय. शलाकाला औषध ती अशीच द्यायची, सकाळ संध्याकाळ. शेवटच्या दोन दिवसांत दुपारही.

“तुम्हांला हे केव्हापासून माहीत होतं?”

“माझा आजा मला शिकवत होता तेव्हापासून. मी तेरा वर्षांचा असेन.”

“मग बावीस वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे चिठ्ठी घेऊन आले,” ती म्हणते. आता ती शिक्षिकेच्या आवाजात बोलते आहे, वर्गात जोडाक्षर चुकलेल्या मुलाशी बोलावं तसं. “ही ओळ लिहून आणली होती. विचारलं, याचा अर्थ काय. तुम्ही म्हणालात, जिवलगाला तो नीज देतो. बस. चिठ्ठीवर ठिपका दिला नाहीत. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मी परवा भिंग लावून पाहिली.”

“भिंग लावून?”

“हो.”

“म्हणजे तुम्हांलाही शंका होती, बाई.”

तिला राग येतो. मेलेल्या माणसावर रागावणं बरं नव्हे, हे तिला समजतं, पण समजून राग गेला असता तर तिच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत बरीच छड्यांची बचत झाली असती. “तुम्ही कधी खोटं बोलत नव्हतात. सगळी रास्ता पेठ सांगायची. तुमच्या पुतण्याच्या, शालेमच्या, लग्नात व्याह्यांनी विचारलं, जेवण कसं होतं, तर तुम्ही म्हणालात, भात कच्चा. अशा माणसाने मला ठिपका द्यायचा राहू दिला?”

“भात कच्चाच होता.”

“मास्तर.”

“तुम्ही दारात उभ्या होतात,” मास्तर म्हणतात.

आणि ते दार असतं. रास्ता पेठेतल्या त्या खोलीचं, उजव्या चौकटीवर तिरकी ठोकलेली, आत शास्त्रवचनाची गुंडाळी असलेली छोटी डबी, येताजाता हात लावून लावून गुळगुळीत झालेली. वत्सला उंबऱ्याबाहेर आहे, मास्तर आत. जिन्यात कुणाच्या तरी घरी मासे तळताहेत.

“पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या तुमच्या,” मास्तर म्हणतात. “एक काळी, एक तपकिरी. अख्खं पुणं ओलांडून तशा आला होतात. हातात चिठ्ठी. नवऱ्याला खाली रस्त्यावर उभं केलेलं. म्हणालात, पाथरवट उद्या यायचाय, मास्तर, मला याचा अर्थ सांगा.”

“मी हिब्रूच विचारलं होतं.”

“नाही हो. तुम्ही ती झोपली आहे का, ते विचारलं होतं.”

जिन्यातला मासे तळण्याचा आवाज थांबतो.

“पेन्सिल हातातच होती माझ्या,” मास्तर म्हणतात. “टोक कागदाला लावलंसुद्धा. मग तुमच्या पायांकडे पाहिलं आणि उचललं. सोळा वर्षं त्यानंतर जगलो, दर मंगळवारी तुम्ही येत होतात, आणि दर मंगळवारी वाटायचं, आज सांगू. चहा व्हायचा, दोन पानं व्हायची, तुम्ही पिशवी उचलून ‘येते मास्तर’ म्हणायचात. राहिलं.”

वत्सला खाली बघते. पायात चपलाच नाहीत. खाली माती आहे, नगरची, काळी, उन्हाने तडकलेली. ती आणि मास्तर दफनभूमीत उभे आहेत. मास्तरांच्या खांद्यावर एक पोतं आहे.

“हे काय?”

“जुनी पुस्तकं. पानं सुटलेली, वाळवी लागलेली. आमच्यात देवाचं नाव असलेला कागद फेकत नाहीत, माणसासारखा पुरतात. माहीत आहे तुम्हांला.”

“पण ही आमची दफनभूमी आहे.”

“हो का?” मास्तर इकडेतिकडे बघतात. “जागा दिसली म्हणून आलो.”

ते पोतं खाली ठेवतात आणि शलाकाच्या दगडापाशी मांडी घालून बसतात. पोस्टात टपाल निवडायला बसत असत तसे. दगड वत्सलाला माहीत आहे तसाच आहे, डावा कोपरा उडालेला, अक्षरांत धूळ. मास्तर टोपीच्या कडेने ती धूळ पुसतात. एकेक अक्षर, सावकाश.

“छान कोरलंय,” ते म्हणतात. “जोडाक्षर नीट आलंय. मराठीत पाथरवट हमखास इथे घोळ घालतात.”

“आता इथे तळटीप कुठे घालू मी?” वत्सला विचारते. तिचा आवाज आता शिक्षिकेचा नाही. “सांगा ना. पुस्तकात लिहायचं, अर्थ निश्चित नाही. आणि इथे लोक येऊन वाचणार, आणि मला माहीत असणार. मग हिला काय मिळालं, मास्तर? नीज मिळाली, की मिळाली नाही?”

“दगडाला तळटीप लागत नाही, पोरी.” बाईवरून ते पोरीवर आलेत आणि त्यांना ते कळलेलं नाही. “दगड एका घरापुरता असतो. त्यावर आईबाप मागतात ते लिहायचं. तुम्ही नीज मागितली. मागण्यात चूक कसली? पुस्तकाचं तसं नाही. ते कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. तिथे माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून सांगायचं नाही. मी तुमच्या दगडासाठी ठिपका गाळला. समितीसाठी नव्हता गाळला.”

“मग तुम्ही सांगा. आता तर तुम्ही तिकडेच आहात.” ती त्यांच्या समोर मातीत बसते. लुगडं खराब होतंय का याची तिला पर्वा नाही. “ती भेटते का तुम्हांला? झोपलीय का?”

मास्तर उजव्या हाताचं बोट मातीला लावतात आणि तिच्या गुडघ्यापुढे एक ठिपका देतात. गोल, नीटस, पेन्सिलीचा असावा तसा.

“अजूनही?” वत्सला म्हणते.

“अजूनही.”

“मला वाटायचं मेल्यावर सगळं कळतं.”

“मलाही वाटायचं. फार भरवसा होता मला त्यावर.”

त्या ठिपक्याकडे बघत दोघं बसून राहतात. कुठेतरी लांब क्रिकेटची कॉमेंटरी चाललीय. वत्सलाला रडू येईल असं वाटतं, पण येतं ते वेगळंच काहीतरी, बऱ्याच वेळाने पाय मोकळे केल्यावर येतं तसं. माहीत नाही असं सांगायला हा माणूस एवढ्या लांबून आला. माहीत असतं, तर बहुतेक आला नसता.

“चहा राहिला तुमचा,” ती म्हणते.

“घेतो नंतर.” मास्तर पोतं खांद्यावर घेतात. “तो शेवटचा शब्द परत वाचा एकदा. आणि ‘इ’ लावू नका.”

ती वाचते.

“वत्सला. अगं, पाचला पाच कमी आहेत.”

मधुकरराव तिच्या खांद्याला हात लावून उभे आहेत. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सामना चालू आहे. टेबल नेहमीएवढंच आहे. गाल हाताला चिकटलाय. ती मान वर करते.

“हाताला काय लागलंय तुझ्या?” मधुकरराव विचारतात.

समितीच्या कचेरीतल्या छापयंत्राची शाई स्वस्तातली. घामाने ती सुटली आहे, आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, मसुद्यातली ओळ उमटलीय. उलटी. आपल्या जिवलगाला तो नीज देतो, अक्षर न् अक्षर, आरशात दिसावं तसं, उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपणारं. वत्सला ती बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे वाचते. पंचवीस वर्षांच्या सवयीने तिला ते सोपं जातं.

“पुसून टाक. थांब, ओला फडका देतो.”

“राहू द्या. बसा जरा.”

मधुकरराव बसतात. बायको ‘बसा जरा’ म्हणाली की काय निघतं याचा त्यांना छत्तीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून ते आधी जाऊन टीव्हीचा आवाज बंद करून येतात.

“शलाकाच्या दगडावरची ओळ,” वत्सला म्हणते. “तिचा दुसराही अर्थ होतो. मास्तरांना माहीत होतं. त्यांनी मला सांगितलं नाही.”

“दुसरा कोणता?”

“जिवलगाला तो निजेत असताना देतो.”

“काय देतो?”

“ते लिहिलेलं नाही.”

मधुकरराव टेबलावरचा एक जुना डाग नखाने खरवडतात. “आणि खरा कोणता?”

“कुणालाच माहीत नाही. मी तसं पुस्तकात लिहायचं म्हणते आहे.”

“दगड बदलायचा?”

“नाही. दगड आपला आहे.”

ते मान हलवतात. “मी दर रविवारी मंडळीतल्या उपासनेनंतर तिकडून येतो,” ते म्हणतात. “तू गुडघ्यांमुळे यायची थांबलीस तरी मी जातो. ओळ एकदा वाचतो, फूल ठेवतो, निघतो.” मग म्हणतात, “आता दोनदा वाचावी लागेल.”

फोन वाजतो. वत्सला डाव्या हाताला धक्का लागू न देता उजव्या हाताने तो उचलते. “हो, रेव्हरंड. घाला. तुम्ही म्हणालात तसंच, ‘निश्चित नाही’ सकट.” पलीकडून रेव्हरंड आभार मानतात, समितीच्या वतीने आणि स्वतःच्या वतीने, वेगवेगळे.

तर एकूण असं झालं. रेव्हरंडांना तळटीप मिळाली आणि तिच्यासाठी त्यांना एका फोनपलीकडे काही पडलं नाही. वाचणाऱ्यांना एकाऐवजी दोन अर्थ मिळाले, तेही फुकट. शलाकाकडे कुणी काही मागितलं नाही. हायम कोर्लेकरांनी जन्मात एकदाच माहीत नसलेलं माहीत आहे म्हणून सांगितलं आणि ते सोळा वर्षं एकट्याने वागवलं. त्या जोरावर या घरातली दोन माणसं बावीस वर्षं झोपली. मास्तरांनी भरलं ते आधीच भरलं होतं. उरलेलं आज वत्सलाने भरलं, आणि त्यातला थोडा वाटा, कुणी न सांगता, मधुकररावांनी उचलला.